काठापलीकडची वीज : गोड्या पाण्यावरील ऊर्जानिर्मिती आणि मराठी परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

समुद्राच्या पाण्यात पवनचक्क्या उभारून वीज निर्माण करण्याचा पहिला व्यापारी प्रयोग डेन्मार्कमध्ये व्हिंडेबी येथे १९९१ साली झाला. तेथे अकरा पवनचक्क्या होत्या आणि त्यांची एकूण क्षमता सुमारे ५ मेगावॉट एवढीच होती. पंचवीस वर्षे चालून २०१७ मध्ये त्या उतरविण्यात आल्या. दरम्यान ही कल्पना समुद्रापुरती मर्यादित राहिली नाही. स्वीडनमधील व्हेनर्न ह्या विस्तीर्ण सरोवरात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नेदरलँडमध्ये आयसेलमेर येथे ८९ पवनचक्क्यांचा, ३८२.७ मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प २०२१ मध्ये पूर्ण झाला. उलटपक्षी, अमेरिकेतील ईरी सरोवरात क्लीव्हलँड शहरासमोर योजिलेला सहा पवनचक्क्यांचा प्रकल्प ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्राह्य धरूनही २०२३ च्या डिसेंबरात थांबविण्यात आला. कॅनडाच्या आँटेरिओ प्रांताने तर २०११ मध्येच आपल्या सरोवरांतील अशा सर्व प्रकल्पांना स्थगिती दिली होती.

ह्या घडामोडींचा बुलढाणा जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी उद्भवेल. जिल्हा समुद्रापासून दूर आहे, आणि त्यातील जलाशयांत पवनचक्क्या उभारण्याचे तांत्रिक प्रयोजनही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, फारसे नाही. तथापि पाण्याच्या पृष्ठावर वीज निर्माण करण्याची कल्पना आता जिल्ह्याच्या शेजारापर्यंत येऊन ठेपली आहे. जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगते सौर पटल बसविण्याची योजना, तिला झालेला विरोध आणि त्याविषयीचे न्यायालयीन निर्णय ह्यांनी तो प्रश्न मराठी भाषकांच्या दारात आणून ठेवला आहे. असा प्रश्न गावात पोहोचतो तो शब्दांच्या द्वारे. करारनाम्यातील, अधिसूचनेतील, वृत्तपत्रातील आणि ग्रामसभेतील शब्द ह्यांचा परस्परांशी मेळ बसला नाही, तर ज्यांच्या पाण्याविषयी निर्णय होतो त्यांनाच तो निर्णय उमजत नाही. म्हणून ह्या क्षेत्रातील मराठी परिभाषेची सद्यःस्थिती तपासणे आणि ती घडविताना कोणती तत्त्वे उपयोगी पडतील ह्याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. बुलढाणा जिल्हा ह्यासाठी विशेष सोयीचा आहे. कारण पाण्याची वर्णने करणारे मराठी शब्द येथे जितके कसास लागतात तितके अन्यत्र क्वचितच लागत असतील.

२. गोडे आणि खारे

परदेशी शास्त्रीय वाङ्मयात नद्यासरोवरांच्या पाण्याला ‘ताजे’ असे विशेषण लावतात. मराठीत ताजे पाणी म्हणजे नुकतेच भरलेले पाणी. त्याच्या विरुद्ध शिळे पाणी. समुद्राच्या पाण्याहून भिन्न अशा पाण्याला मराठीत ‘गोडे पाणी’ हा शब्द पूर्वापार आहे, आणि तो ‘गोड पाणी’ ह्याहून वेगळा आहे. साखर घातलेले ते गोड पाणी. क्षाररहित ते गोडे पाणी. ‘गोडे तेल’, ‘गोडे पाणी’ अशा मोजक्या जोड्यांतच टिकून राहिलेले हे विशेषण रुचीपेक्षा वर्गाचा निर्देश करते. परिभाषेला लागणारा अर्थाचा काटेकोरपणा लोकभाषेत आधीच असू शकतो, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

बुलढाणा जिल्ह्यात ह्या भेदाला जीवनमरणाचे महत्त्व आहे. जिल्ह्याचे स्थानिक बोलीत दोन भाग मानले जातात : ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे, म्हणजे तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातले. ह्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला आणि अमरावती ह्या तीन जिल्ह्यांतून पसरलेला ‘खारपाणपट्टा’ आहे. तेथील भूजल खारे असल्यामुळे विहीर खोदून तहान भागत नाही. अशा गावांना पिण्यासाठी धरणातले गोडे पाणी नळाने आणावे लागते. ‘खारपाण’ हा समास एका संपूर्ण प्रदेशाचे नाव बनला, ह्यातच त्या अनुभवाची तीव्रता दिसते.

घाटावरच्या भागात ह्याच्या उलट चमत्कार आढळतो. जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर लोणारचे. आणि ते खारे आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या ह्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्यातील पाणी तीव्र क्षारधर्मी आहे. संस्कृत ‘लवण’ शब्दाचे प्राकृतोद्भव रूप ‘लोण’ हे गावाच्या नावातच बसलेले आहे. विवराच्या कडेला मात्र गोमुखाची धार गोडी आहे. २००० साली ह्या परिसराला अभयारण्याचा आणि २०२० साली सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्यामुळे त्याची चर्चा सर्वत्र झाली. लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत निष्पन्न झाले.

अशा रीतीने जिल्ह्यात ‘सरोवर’ हा शब्द उच्चारताच जे मनात येते ते खारे आहे, आणि जी गोड्या पाण्याची विस्तृत पृष्ठे आहेत ती सर्व मनुष्यनिर्मित आहेत. नळगंगा, ज्ञानगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा ही त्यांची नावे. त्यांना कोणी सरोवर म्हणत नाही. शासकीय भाषेत ते ‘प्रकल्प’, वृत्तपत्रांत ‘जलाशय’ आणि बोलण्यात ‘धरण’. धरण हा शब्द वस्तुतः बांधाचा वाचक. परंतु ‘धरण भरले’, ‘धरणात पोहायला गेला’ ह्या प्रयोगांत तो बांधामागच्या पाण्याचा वाचक झाला आहे. कारणाचे नाव कार्याला देण्याची ही लक्षणा भाषेत सर्वत्र आढळते. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र लक्षात राहते : हे पाणी कोणीतरी, कशासाठीतरी, कोणाची तरी जमीन बुडवून अडविलेले आहे. ‘सरोवर’ ह्या शब्दात ही आठवण नसते.

म्हणून ‘गोड्या पाण्याच्या सरोवरांतील पवनऊर्जा’ हा शब्दसमूह परदेशी संकल्पनेचे शब्दशः भाषांतर म्हणून बिनचूक असला, तरी बुलढाण्याच्या भूगोलावर तो बसत नाही. आयसेलमेरचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. तेही निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे. १९३२ साली प्रचंड बांध घालून समुद्राचा एक भाग तोडण्यात आला आणि नद्यांच्या पाण्याने तो पुढे गोडा झाला. खडकपूर्णेचा जलाशय आणि आयसेलमेर ह्यांच्यात आकाराचे साम्य नाही, परंतु जातीचे आहे.

३. तट, तीर, काठ

समुद्रातील पवनऊर्जेसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि जून २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडू ह्या राज्यांच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी आर्थिक साहाय्याची योजना मंजूर केली. हिंदी शासकीय परिभाषेत ह्या ऊर्जेला ‘अपतटीय’ हे विशेषण आहे, आणि ते मराठी लेखनातही अधूनमधून उतरते. ‘अप’ हा उपसर्ग ‘पासून दूर’ ह्या अर्थी संस्कृतात शुद्धच आहे. ‘अपहरण’, ‘अपसरण’ ह्या शब्दांत तो तसा आहे. परंतु मराठी भाषकाच्या कानाला अधिक परिचित आहेत ते ‘अपमान’, ‘अपयश’, ‘अपघात’, ‘अपकीर्ती’ हे शब्द. उपसर्गाचा जो अर्थ भाषेत आज सजीव आहे तो वैगुण्याचा. दूरत्वाचा अर्थ काही ठरीव शब्दांत गोठून राहिला आहे. नवा शब्द घडविताना सजीव अर्थच पुढे सरसावतो. त्यामुळे ‘अपतट’ म्हणजे वाईट तट, असा बोध होण्याचा संभव अधिक.

दुसरा पर्याय ‘सागरी पवनऊर्जा’. कोकणच्या संदर्भात तो निर्दोष आहे. परंतु महाराष्ट्राने आपल्या जलाशयांना सागराची नावे उदारपणे दिली आहेत : कोयनेचा शिवसागर, उजनीचा यशवंतसागर, जायकवाडीचा नाथसागर. खडकपूर्णेच्या जलाशयालाही, परंपरेने ज्यांचे जन्मस्थान ह्याच तालुक्यातील मेहुणाराजा मानले जाते त्या चोखोबांच्या नावाने, संत चोखासागर म्हणतात. नाथसागरावर उभारलेला प्रकल्प ‘सागरी’ म्हणावा काय? विशेषनामाच्या उत्तरपदात ‘सागर’ हा गौरववाचक आहे आणि ‘सागरी’ ह्या विशेषणात तो वस्तुवाचक आहे, हे व्याकरणाच्या अभ्यासकाला समजेल. करारनाम्याच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागेल.

तट, तीर, काठ, किनारा आणि थडी हे शब्द कोशात एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले असतात. प्रयोगात त्यांची वाटणी झालेली आहे. ‘किनारा’ हा फारसीतून आलेला शब्द बहुधा समुद्राच्या वाट्याला गेला. ‘तीर’ काव्यात आणि ‘ऐलतीर-पैलतीर’ अशा जोड्यांत स्थिरावला. ‘थडी’ गंगथडीसारख्या प्रदेशनामात राहिली. ‘तट’ आज अधिक ऐकू येतो तो किल्ल्याच्या तटबंदीत. नदी, तळे, विहीर आणि धरण ह्यांना मात्र ‘काठ’ आहे. तसा तो भांड्यालाही आहे आणि लुगड्यालाही आहे. जेथे वस्तू संपते आणि हाताला तिची कड लागते तेथे मराठी माणूस काठ म्हणतो. गोड्या पाण्याच्या प्रकल्पाविषयी बोलताना तटाऐवजी काठ हे आधारपद घेणे स्वाभाविक ठरेल.

परंतु विशेषण घडविण्यासाठी उपसर्गाचीच आवश्यकता आहे, असेही नाही. मराठीची शब्दयोगी अव्यये येथे अनपेक्षित साहाय्य करतात. तांत्रिक वाङ्मयात पाण्यातील रचनांचे दोन मुख्य प्रकार मानतात : ज्यांचा पाया तळाच्या जमिनीत रोवलेला असतो त्या, आणि ज्या तराफ्यासारख्या पृष्ठावर तरंगत असून दोरखंडांनी तळाशी बांधलेल्या असतात त्या. मराठीत ‘पाण्यातील’ आणि ‘पाण्यावरील’ ही दोन रूपे हा भेद एका प्रत्ययाच्या फरकाने दाखवितात. आयसेलमेरमधल्या पवनचक्क्या पाण्यातील. नाथसागरावर योजिलेले सौर पटल पाण्यावरील. ‘पाण्यातील पवनऊर्जा’ आणि ‘पाण्यावरील सौरऊर्जा’ हे शब्द दिसायला घरगुती आहेत, परंतु ‘अपतटीय’ हे एकच विशेषण जो भेद झाकून टाकते तो ते उघड करतात. पाणी समुद्राचे की जलाशयाचे हे सांगण्याची गरज पडेल तेथे ‘समुद्रातील’ किंवा ‘जलाशयावरील’ असे म्हणता येते.

४. वारा, पाणी आणि प्रयोजन

परिभाषेचा विचार वस्तूच्या विचारापासून तोडता येत नाही, म्हणून पाण्यात पवनचक्की का उभारतात हे थोडक्यात पाहिले पाहिजे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते; वेग दुप्पट झाल्यास शक्ती आठपट होते. जमिनीवरील झाडे, टेकड्या आणि घरे वाऱ्याला अडवितात. विस्तीर्ण जलपृष्ठ त्या मानाने गुळगुळीत असल्यामुळे त्यावरून वाहणारा वारा अधिक वेगवान आणि अधिक एकसारखा असतो. हा लाभ मिळण्यासाठी वाऱ्याला पाण्यावरून दीर्घ अंतर वाहता आले पाहिजे. टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या जलाशयात ते शक्य नसते. शिवाय पावसाळ्याअखेरची आणि वैशाखातली पातळी ह्यांत मोठे अंतर पडते. म्हणूनच महाराष्ट्रातील पवनचक्क्या पाणी सोडून पठारांवर चढल्या. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी ही त्यांची परिचित स्थळे. त्यांतील वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या खोऱ्याच्या माथ्यावर आहे. खाली शिवसागरातील पाण्याची वीज आणि वर वाऱ्याची वीज, असा संयोग तेथे झालेला आहे.

जलाशयाच्या पृष्ठाला सौर पटलांचा उपयोग मात्र अधिक आहे. पटल तापले की त्यांची कार्यक्षमता घटते. पाण्याच्या सान्निध्यात ते तुलनेने थंड राहतात. झाकलेल्या पृष्ठावरून बाष्पीभवन कमी होते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही बाब उपेक्षणीय नाही. शेतजमीन घ्यावी लागत नाही. तेलंगणातील रामगुंडम येथे १०० मेगावॉटचा असा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्णतः कार्यान्वित झाला, आणि मध्य प्रदेशात नर्मदेवरील ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयावर त्याहून मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. तेव्हा ‘काठापलीकडची वीज’ बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आलीच तर ती पवनचक्कीच्या रूपाने येण्यापेक्षा तरंगत्या पटलांच्या रूपाने येण्याचा संभव अधिक आहे.

५. ऊर्जेची विशेषणे

ज्या ऊर्जेचा येथे विचार चालला आहे तिच्या जातिवाचक नावाचा इतिहासही उद्बोधक आहे. केंद्र शासनात १९८२ साली ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा त्याच्या नावात ‘अपारंपरिक’ हा शब्द होता. १९९२ मध्ये विभागाचे मंत्रालय झाले तरी तो टिकला, आणि २००६ मध्ये त्याच्या जागी ‘नवीन आणि नवीकरणीय’ ही विशेषणे आली. महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात ‘अपारंपरिक ऊर्जा’ हे नाव त्यानंतरही चालू राहिले.

‘अपारंपरिक’ हा शब्द वस्तू काय नाही एवढेच सांगतो. त्यात कोळसा हीच परंपरा, असे गृहीत धरलेले आहे. ज्या प्रदेशात खळ्यावर वाऱ्याच्या झुळुकीची वाट पाहत धान्य उपणले गेले आणि उन्हात मिरची-ज्वारी वाळविली गेली, तेथे वारा आणि ऊन ह्यांना अपारंपरिक ठरविणे हा भाषेतील एक विनोदच म्हणावा लागेल. ‘नवीकरणीय’ हा शब्द संस्कृत व्याकरणाला धरून आहे. परंतु त्याचे अधिक मराठी रूप जे ‘नूतनीकरणक्षम’, त्यातील ‘नूतनीकरण’ हा शब्द व्यवहारात परवान्याला आणि इमारतीला चिकटलेला आहे. परवान्याचे नूतनीकरण कोणीतरी करावे लागते. वारा कोणाच्या अर्जावाचून पुन्हा वाहतो. ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द श्रुतिमधुर आहे आणि तो रुळण्याची चिन्हे आहेत. मात्र त्यात एक सूक्ष्म अतिव्याप्ती आहे. ऊन अक्षय आहे. ते ज्या पृष्ठावर झेलावयाचे ते पृष्ठ अक्षय नाही. एका हेक्टर पाण्यावर पटल मांडल्यावर ते पाणी दुसऱ्या कामास त्या प्रमाणात कमीच पडते. विशेषण इंधनाचे, परंतु ते संपूर्ण प्रकल्पाला लावले जाते, आणि मर्यादा दृष्टीआड होते.

हा केवळ शब्दच्छल नाही. अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत नवीकरणीय ऊर्जेचा वापर हा सामान्यतः प्रोत्साहन देण्याच्या बाबींत गणलेला असतो, आणि तेथे उदाहरणे दिलेली असतात ती जैववायू आणि सौरदिवे ह्यांची. झोपडीवरील दिवा आणि शेकडो मेगावॉटचा प्रकल्प ह्या दोहोंना एकच जातिनाम लागू होते. जातिनामाला परिमाण नसते. आणि ह्या विषयात सर्व वाद परिमाणाचाच आहे.

लोकव्यवहारात ह्या क्षेत्राची वेगळीच शब्दसंपत्ती वाढत आहे. शासकीय ‘रोहित्र’ शेतकऱ्याच्या तोंडी ‘डीपी’ आहे. ‘डीपी जळाली’ हे वाक्य ज्याला कळत नाही त्याला ग्रामीण महाराष्ट्र कळला नाही. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात आलेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’तील ‘वाहिनी’ला शेतकरी ‘फिडर’ म्हणतो. उलट ‘भारनियमन’ हा घडविलेला शब्द ‘लोडशेडिंग’च्या बरोबरीने खेड्यापाड्यांत रुजला. गोसीखुर्दचे पाणी नळगंगेच्या जलाशयापर्यंत आणण्याच्या सुमारे ४२६ किलोमीटरच्या योजनेमुळे ‘नदीजोड’ हा शब्द जिल्ह्यात सर्वतोमुखी झाला आहे. ‘नदीजोड’ का रुजला? दोन्ही घटक परिचित, समास लहान आणि अर्थ उघड. ‘रोहित्र’ ह्या शब्दात तिन्ही गुण नाहीत.

६. जलपृष्ठ रिकामे असते काय?

तरंगत्या सौर प्रकल्पांच्या समर्थनार्थ ‘जमीन लागत नाही’ हे वाक्य नेहमी वापरले जाते. ते खरे आहे, परंतु त्यातून ‘कोणाचे काही जात नाही’ असे अनुमान सहज निघते, आणि ते तपासले पाहिजे. येथे पाटबंधाऱ्यांची जुनी मराठी परिभाषा साक्षीला बोलाविता येते. ‘सांडवा’, ‘बुडीत क्षेत्र’, ‘पाणलोट’, ‘आवर्तन’, ‘विसर्ग’, ‘मृत साठा’, ‘गाळपेर’ हे शब्द आज वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला परिचित आहेत.

त्यांतील ‘गाळपेर’ हा शब्द विशेष मननीय आहे. हिवाळ्यापासून धरणाचे पाणी ओसरू लागले की काठालगतची गाळाची जमीन उघडी पडते. ती शासनाच्या मालकीची असते. परंतु प्रकल्पग्रस्तांना आणि इतर स्थानिकांना ती हंगामापुरती कसण्यासाठी देण्याची पद्धत आहे. ज्यांची जमीन बुडाली त्यांना बुडालेल्या जमिनीचा एक तुकडा वर्षातून काही महिने परत मिळतो, असे ह्या पद्धतीचे स्वरूप. २०१८-१९ च्या दुष्काळात अशा जमिनींवर चारा पिकविण्याचा कार्यक्रम राज्यात घेण्यात आला होता. ‘गाळ’ आणि ‘पेर’ ह्या दोन साध्या शब्दांत जमिनीचा प्रकार, ऋतू आणि हक्क ह्या तिन्ही गोष्टी सामावल्या आहेत. ज्याला परदेशी संज्ञेचा आधार नाही असा हा शब्द भाषांतरित प्रकल्प-अहवालात आपोआप उतरणार नाही. आणि जो शब्द अहवालात नाही त्यामागील मनुष्यही अहवालात नसतो.

‘मृत साठा’ ह्या शब्दाची कथा उलट आहे. विमोचकाच्या पातळीखालचे जे पाणी कालव्यात सोडता येत नाही ते अभियंत्याच्या दृष्टीने मृत. हा सरळ भाषांतरित शब्द आहे. परंतु टंचाईच्या वर्षी ह्याच मृत साठ्यातून गावांना पिण्याचे पाणी उपसले जाते, आणि मासा उन्हाळ्यात तग धरतो तोही ह्याच पाण्यात. विशेषण सिंचनाच्या दृष्टीने दिलेले असल्यामुळे इतर दृष्टींना ते अन्यायकारक ठरते.

आता तरंगत्या पटलांची जागा कोठे असेल ह्याचा विचार करावा. जे पाणी दरवर्षी ओसरते तेथे पटल मांडले तर ते उन्हाळ्यात गाळावर टेकतील. म्हणून बारमाही खोल पाण्याचा भाग निवडणे तांत्रिकदृष्ट्या सोयीचे. परंतु उन्हाळ्यात मासेमारही त्याच खोल भागाकडे सरकलेला असतो, कारण पाणी तेथेच उरलेले असते. जो भाग नकाशावर रिकामा निळा दिसतो तोच वर्षाच्या कठीण महिन्यांत सर्वांत गजबजलेला असतो.

नाथसागराच्या प्रकरणात हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि २०१७ मध्ये त्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. तेथील तरंगत्या सौर प्रकल्पाच्या निविदेला कहार समाजाच्या एका संस्थेने आव्हान दिले. कहार म्हणजे परंपरेने पाण्यावर पोट भरणारा समाज. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये हे आव्हान अमान्य केले. न्यायनिर्णयाची चिकित्सा हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे. परंतु एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. पर्यावरणीय आघात-मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सौर आणि पवन विद्युत् प्रकल्प सामान्यतः तिच्या कक्षेत येत नाहीत. प्रदूषण अत्यल्प म्हणून ही सूट, आणि ती त्या दृष्टीने समंजस आहे. तथापि सुनावणी गेली की तिच्याबरोबर मराठी सारांशाची सक्तीही जाते. जेथे कायदा भाषांतराची सक्ती करीत नाही तेथे परिभाषेची जबाबदारी अधिक वाढते. कारण मग गावापर्यंत पोहोचतात ते वृत्तपत्रांतले आणि बोलण्यातले शब्दच.

७. परिभाषेच्या कसोट्या

६ जुलै १९६० रोजी महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. तेव्हापासून अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले, आणि त्यांवर दुर्बोधतेचा आक्षेपही वारंवार घेण्यात आला. हा आक्षेप बहुधा संस्कृतप्रचुरतेवर घेतला जातो. परंतु प्रस्तुत विवेचनातील उदाहरणे पाहता रोग वेगळा दिसतो. ‘जलाशय’, ‘विसर्ग’, ‘भारनियमन’ हे संस्कृतोद्भव शब्द सहज रुळले. ‘अपतटीय’ रुळत नाही. शब्दाचे कूळ कोणते ह्यापेक्षा त्याचे घटक आजच्या मराठीत कोणत्या अर्थाने जिवंत आहेत, ही अधिक विश्वसनीय कसोटी आहे.

दुसरी कसोटी भेदाची. परदेशी संज्ञा ज्या भेदांवर उभी आहे ते भेद मराठी शब्दाने दाखवावेत, आणि मराठीत जे अधिक भेद आहेत ते पुसू नयेत. पाण्यातील आणि पाण्यावरील, गोडे आणि खारे, सरोवर आणि धरण, ह्यांपैकी प्रत्येक जोडीला व्यवहारात अर्थ आहे.

तिसरी कसोटी अधिक महत्त्वाची आणि अधिक उपेक्षित आहे. प्रत्येक पारिभाषिक शब्द कोणाच्या तरी जागेवरून वस्तूकडे पाहतो. ‘मृत साठा’ कालव्यावरून पाहतो, ‘गाळपेर’ काठावरून पाहते, ‘अपतटीय’ किनाऱ्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहते. एकाच जलाशयाच्या वर्णनात ह्या सर्व जागा असणे आवश्यक आहे. ऊर्जाविषयक मराठी शब्दावली तयार होईल तेव्हा तिच्यात विद्युत्-अभियंत्यांच्या संज्ञांबरोबर पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय आणि शेती ह्यांतील लोकशब्दांनाही स्वतंत्र नोंदी मिळाव्यात. पहिल्या प्रकारच्या संज्ञांना कोशकार मिळतो. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांना संग्राहक हवा असतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडापासून वऱ्हाडीच्या उच्चाराची आणि रूपांची नोंद होत आली आहे. तिच्यातील पाण्याच्या, गाळाच्या आणि जाळ्यांच्या शब्दांचा धरणवार संग्रह हा पदव्युत्तर अभ्यासाला योग्य असा विषय आहे. नळगंगेच्या किंवा पेनटाकळीच्या काठावरील गावांत एक रबी हंगाम काढल्यास त्याचा आरंभ होऊ शकेल.

तो संग्रह लवकर व्हावा ह्याचे कारण व्यावहारिक आहे. जलपृष्ठाच्या भाडेपट्ट्याचा मसुदा जेव्हा जिल्ह्यातील एखाद्या गावात येईल, तेव्हा ‘गाळपेर’ आणि ‘काठ’ हे शब्द त्या मसुद्यात असतील की नाही ह्यावर बरेच काही अवलंबून राहील.